धातूच्या भीतीचा मागोवा

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई–आग्रा महामार्गावर नरडाणा लागतं. या पट्ट्यात रस्त्याकडेच्या भिंती वाचत गेलं तर एक मजकूर हमखास भेटतो: धातू जाणे, स्वप्नदोष, मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. तरी ती चालते, कारण भीतीला गिऱ्हाईक आहे.

ही भीती बरीच जुनी आहे. आयुर्वेदात अन्नापासून रस, रसापासून रक्त अशा क्रमाने सात धातू सांगितले आहेत; शुक्र, म्हणजे वीर्य, त्यातला शेवटचा. पुढे लोकांनी त्याचा हिशेबच मांडला: रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब. शरीरशास्त्रात याला काडीचा आधार नाही, पण तालमीत आणि वसतिगृहात तो अजून पोरांच्या कानावर पडतो.

युरोपही यात मागे नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाची निनावी पुस्तिका निघाली. हस्तमैथुनाने शरीराची नासाडी होते असं सांगायचं आणि त्यावरचं औषधही विकायचं, असा तिचा धंदा. १७६० मध्ये तिसो या स्विस डॉक्टरने त्याच समजुतीला वैद्यकाची प्रतिष्ठा दिली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या लालमां या शल्यचिकित्सकाने ‘वीर्यपात’ हा रोग ठरवला आणि त्यासाठी रोग्यांची मूत्रनलिका रसायनाने डागली.

मराठीत या भीतीला पहिली ठाम टक्कर दिली र. धों. कर्व्यांनी. १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना वाचकांच्या खासगी शंकांना ते छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लोक विचारतात त्याला उत्तर देणं अश्लील कसं, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. माझ्या मते या विषयात मराठीतलं सगळ्यात धैर्याचं काम तेच.

मग आले डॉ. नरेंद्रनाथ विग. १९३० साली गुजरांवाला इथे जन्मलेले, लखनऊला शिकलेले मनोविकारतज्ज्ञ. १९६० मध्ये त्यांनी ‘धात सिंड्रोम’ या नावाने हा त्रास मांडला. असा पेशंट सरळ बोलत नाही. आधी कंबर दुखते म्हणतो, मग अंग गळून जातं, अभ्यासात लक्ष लागत नाही. बाकीची माणसं बाहेर गेली की मान खाली घालून सांगतो, लघवीतून धातू जाते. तपासणीत बहुधा काही सापडत नाही. उदासी आणि चिंता मात्र सापडते. विगांनी त्याला हाकलून दिलं नाही, ऐकून घेतलं. पुढे चंदीगडच्या पीजीआयमध्ये असताना, १९७५ मध्ये, त्यांनी मल्होत्रांसोबत यावर पुन्हा लिहिलं. १९९२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात हे नाव आलं, २०१३ च्या अमेरिकन ‘डीएसएम-५’च्या परिशिष्टातही. विग २०१८ मध्ये गेले.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. हा ‘पौर्वात्य’ आजार आहे असं त्यांच्या १९७५ च्या लेखाच्या नावातच होतं. २००४ मध्ये सुमथिपाला, सिरिबद्दना आणि भुग्रा यांनी दाखवलं की हीच भीती युरोप-अमेरिकेतही होती, तिथे ती ओसरली इतकंच.

यावरचा उपचार साधा आहे. वीर्य शरीरात सतत तयार होतं आणि ते बाहेर गेल्याने अशक्तपणा येत नाही, हे पटवून द्यायचं. उदासी असेल तर तिच्यावर औषध द्यायचं. तुमच्या घरातलं पोरगं या काळजीने वाळत चाललं असेल तर त्याला भिंतीवरच्या नंबरकडे जाऊ देऊ नका. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, किंवा त्याला १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक द्या.