बुद्धिबळाची मोहरी व पट : प्रमाण आकार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये मोहऱ्यांचे अनेक घाट प्रचलित होते. अपरिचित संचातील मोहरी ओळखताना खेळाडूंचा गोंधळ होई व डावातील चूक कौशल्याची की नजरेची, हे सांगणे कठीण जाई. नथॅनिएल कुक याने १८४९ मध्ये नोंदविलेला सुटसुटीत घाट लंडनच्या जेक्स या उत्पादकाने विक्रीस आणला. हॉवर्ड स्टाँटन या नामवंत खेळाडूच्या पुरस्कारामुळे तो त्याच्याच नावाने रूढ झाला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने (स्थापना १९२४) हाच घाट मान्य केला. महासंघाच्या शिफारशीनुसार राजाची उंची सु. ९·५ सेंमी., वजिराची ८·५, उंटाची ७, घोड्याची ६, हत्तीची ५·५ व प्याद्याची ५ सेंमी. असते. बैठकीचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असतो. पटावरील घराची बाजू प्याद्याच्या बैठकीच्या किमान दुप्पट असावी लागते; म्हणजेच एका घरात चार प्यादी मावली, तर पट प्रमाणबद्ध समजावा.