स्वादुपिंडाभोवतीच्या द्रवसंचयाचा त्वचामार्गे निचरा

तीव्र स्वादुपिंडदाहानंतर ग्रंथीत किंवा तिच्याभोवती साचलेला द्रव, पू आणि मृत ऊतींचा गाळ पोट न उघडता, त्वचेतून घातलेल्या नळीने बाहेर काढण्याची ही उपचारपद्धती. प्रत्येक संचय काढावा लागत नाही. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात काळ आणि मृत ऊती या दोन निकषांवर संचयांचे चार प्रकार केले आहेत. पहिल्या चार आठवड्यांत संचयाला पक्की भिंत नसते आणि निव्वळ द्रव असेल तर तो बहुधा आपोआप जिरतो. चार आठवड्यांनंतर भिंत धरली की निव्वळ द्रवाचा आभासी कोष बनतो, तर मृत ऊती असल्यास भित्तिबद्ध ऊतिनाश. जंतुसंसर्ग झाला, किंवा संचयाच्या दाबाने जठर, पित्तनलिका अडली, की मात्र निचऱ्याचा विचार करावा लागतो.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर वाट ठरवतात. जागा बधिर करून सुई आत नेतात, सुईतून तार सरकवतात आणि तारेवरून वाट रुंदावत नळी बसवतात. तारेची ही युक्ती स्वीडनचे सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडली होती. नळी साधारण १२ ते १४ फ्रेंच, म्हणजे चार-साडेचार मिलिमीटर जाडीची असते. शक्य तेथे डाव्या कुशीतून, प्लीहा, मूत्रपिंड आणि मोठे आतडे चुकवत, उदरपोकळीच्या मागून जाणे श्रेयस्कर. त्यामुळे पोकळीत संसर्ग पसरत नाही आणि पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर हीच वाट उपयोगी पडते. खरी मेहनत त्यानंतरची. दर काही तासांनी नळी सलाईनने धुवावी लागते. पिशवीत उतरणारा काळसर तपकिरी द्रव थांबला आणि ताप मात्र उतरला नाही, तर संचय संपलेला नसून नळी तुंबलेली असते. अशा वेळी नळी बदलतात, जाड घालतात किंवा दुसरी बसवतात.

घट्ट मृत ऊती एवढ्याशा नळीतून निघणार कशा, हा शल्यविशारदांचा जुना आक्षेप. तो खरा आहे, पण अपुरा. रुग्णाचा जीव बहुधा मृत ऊतींमुळे नव्हे, तर दाबाखाली कोंडलेल्या पुवामुळे धोक्यात येतो. पू निघाला की जंतुदोष आटोक्यात येतो आणि उरलेल्या ऊती शरीर हळूहळू विरघळवते. नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पँथर’ चाचणीत ८८ रुग्ण होते. थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांत मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ओढवला, आधी निचरा करून पायरीपायरीने पुढे गेलेल्यांत ४० टक्के. या दुसऱ्या गटातील ३५ टक्के रुग्णांना निचऱ्यापलीकडे काहीच लागले नाही. मृत्यूच्या प्रमाणात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वादुपिंडाची नलिका फाटली असेल, तर पाचकरस नळीवाटे बाहेर झिरपत राहतो आणि नाडीव्रण जडतो. २०१८ च्या ‘टेन्शन’ चाचणीत हा दोष दुर्बिणीने जठरातून निचरा केलेल्या ५ टक्के रुग्णांत, तर त्वचामार्गे निचऱ्याने सुरुवात करणाऱ्या शल्यमार्गातील ३२ टक्के रुग्णांत आढळला. म्हणून भिंत धरलेला, जठराला टेकलेला संचय दुर्बिणीने काढणेच योग्य. पण कुशीत किंवा ओटीपोटापर्यंत उतरलेला पू जठरातून गाठता येत नाही आणि काही अत्यवस्थ रुग्णांना दुर्बीण सोसत नाही. तेथे त्वचेची वाट हाच आधार. घाईलाही मर्यादा आहे : २०२१ च्या ‘पॉइंटर’ चाचणीत निचरा लांबवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण प्रतिजैविकांवरच निभावले. त्वचामार्गे निचरा म्हणजे शस्त्रक्रियेचा स्वस्त पर्याय नव्हे. योग्य रुग्णात, योग्य वेळी घेतलेली ती पहिली पायरी आहे, आणि अनेकांना तीच पुरते.