आधी ऋण काढावे

तीन आठवडे गावाला राहून परत आलो, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी इलेक्ट्रिक गाडी निपचित पडलेली. रिमोट दाबला, दार उघडेना. किल्लीने उघडलं, तर आत ना दिवा ना स्क्रीन. मोबाइलवरच्या ॲपमध्ये शेवटची नोंद होती : चार्ज ७८ टक्के. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले मामा आले, बॉनेट उघडून त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, "साहेब, बॅटरी उतरली."

"अहो, पण अठ्ठ्याहत्तर टक्के..."

"ती मोठी. ही बारकी. बारा व्होल्टची."

मोठी बॅटरी तीनशे-चारशे व्होल्टची असते. गाडी बंद असताना ती सुरक्षेसाठी बाकी सगळ्यापासून तोडलेली असते. तिला जोडणारे कॉन्टॅक्टर मिटायला, दारं उघडायला, आतले संगणक जागे व्हायला लागतात बारा व्होल्ट, आणि ते येतात त्या बारक्या बॅटरीतून. माझ्या गाडीत ती शिशाची होती. म्हणजे २१व्या शतकातलं वाहन १९व्या शतकातल्या रसायनावाचून डोळेसुद्धा उघडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये असं जुनं सामान आम्ही रोज पाहतो, पण इथे ते हाताला लागत होतं.

मामा पाना घेऊन वाकले. "आधी मायनस काढायचा. लावताना मायनस शेवटी."

"का?"

"आमच्या उस्तादांनी सांगितलं म्हणून."

शेजारी बाबा उभे होते. त्यांनी काही न बोलता डावं मनगट पुढे केलं. तिथे घड्याळाच्या पट्ट्याच्या रुंदीचा एक गुळगुळीत डाग आहे. लहानपणापासून मी तो पाहतो आहे, पण तो कशाचा हे कधी विचारलं नव्हतं.

शाळेच्या पुस्तकात धनाग्र आणि ऋणाग्र होते. त्या भाषेत मामांचा नियम 'आधी ऋण काढावे' असा होतो आणि तो चार्वाकाच्या तोंडी शोभेल. पण हा नियम आला कुठून हे शोधत गेलो, तेव्हा मोटारीच्या विजेचा निम्मा इतिहास त्यात सापडला.

शिशाची बॅटरी मोटारीहून जुनी. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे, मध्ये दुसरा थर घालून, सुरळीसारखे गुंडाळले आणि विरल गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१मध्ये कामी फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. एका घटातून मिळतात साधारण २.१ व्होल्ट. सहा घट ओळीने जोडले की आपली 'बारा व्होल्टची' बॅटरी, जी पूर्ण भरलेली असताना प्रत्यक्षात १२.६च्या आसपास असते. (२०११मध्ये काही संशोधकांनी गणित करून दाखवलं, की या २.१मधले सुमारे १.७ व्होल्ट आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे मिळतात. शिशाच्या जड अणुकेंद्राजवळचे इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात, की तो परिणाम टाळता येत नाही. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असेल.")

सुरुवातीला ही बॅटरी मालकीण होती. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार, कामी जेनात्झीची 'ला जामे काँतांत', विजेवर चालणारी होती. अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या गाड्या निवांत धावत. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा नवऱ्याच्या कारखान्यातली मॉडेल टी सोडून 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. कारण साधं होतं. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे.

हँडल मारणं ही गोष्ट जुन्या अँबॅसिडर-जीपमुळे आपल्याकडच्या ज्येष्ठांना ठाऊक आहे, पण शतकाच्या आरंभी ती जास्त धोक्याची होती. ठिणगी कधी पडावी हे तेव्हा चालक हाताने ठरवत असे. हँडल मारण्याआधी ती उशिरावर ठेवायला विसरलं, तर पिस्टन वर पोचण्याआधीच पेट्रोल पेटायचं, इंजिन उलटा हिसका द्यायचं आणि हँडल मनगटावर आदळायचं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका मोडीला अस्थितज्ज्ञ अजूनही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवत, की अंगठा हँडलभोवती वळवू नका, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा, आणि हँडल खाली दाबू नका, वर ओढा. मॅन्युअलमध्ये छापण्याआधी हे कुणाच्या तरी मनगटावर लिहिलं गेलं होतं.

डेट्रॉइटमध्ये एक गोष्ट सांगितली जाते. बेल आयलच्या पुलावर बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीचं हँडल मारताना बायरन कार्टर या मोटार कारखानदाराचा जबडा फुटला आणि त्यातून तो १९०८मध्ये गेला. त्याचा मित्र, कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलंड, याने तेव्हा हँडल घालवायचं ठरवलं. तपशिलांवर वाद आहेत. कॅडिलॅकने हे काम डेटनच्या चार्ल्स केटरिंगकडे दिलं, हे मात्र नक्की. इंजिन फिरवू शकणारी मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच लागेल, असा जाणकारांचा समज होता. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिला क्षणभर जोर लावायचा आणि मग विश्रांती घ्यायची, एवढंच काम होतं. इंजिनालाही तेच लागतं, हे त्याने ओळखलं. काही सेकंदांपुरती लहान मोटर ताकदीबाहेर पळवली तरी जळत नाही. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. इंजिन सुरू झालं की तेच यंत्र उलटं काम करून बॅटरी भरायचं, दिवे लावायचं. त्याआधी बऱ्याच गाड्यांचे पुढचे दिवे ॲसिटिलिनचे असत, काडी ओढून लावायचे. बॅटरी, स्टार्टर, जनरेटर, दिवे ही आज जिला आपण गाडीची वायरिंग म्हणतो ती सगळी एकत्र आली ती इथे.

गंमत अशी, की विजेच्या गाडीला मारलं ते बॅटरीनेच. हँडल गेलं आणि क्लाराबाईंच्या पसंतीचं मुख्य कारणही गेलं. मालकीण असलेली बॅटरी पेट्रोल इंजिनाच्या दारातली पहारेकरीण झाली. एडिसन शिशाला नावं ठेवायचा. त्याने लोखंड-निकेलची टिकाऊ बॅटरी काढली, पण ती एका दमात फार मोठा प्रवाह देऊ शकत नसे आणि थंडीत गारठायची. शिशाला मात्र नेमकं हेच जमतं. एका सेकंदात शेकडो अँपिअर.

बाबांच्या मनगटाचं कारणही तेच. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवत नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. पण धातूची वाट मिळाली की त्यातून शेकडो अँपिअर धावतात, आणि पाना, अंगठी, पट्टा काय असेल ते लाल होतं. बाबा फियाटच्या बॅटरीचा प्लस सोडवत होते, मायनस जोडलेलाच होता. पट्ट्याचं एक टोक नटाला, दुसरं बॉडीला. घड्याळ काढून फेकेपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

आता नियम उलगडतो. तांब्याची तार वाचवण्यासाठी मोटारवाल्यांनी परतीचा रस्ता म्हणून गाडीचं लोखंडी अंगच वापरलं. बॅटरीचं एक टोक बॉडीला बांधलेलं असतं. ते आधी सोडवलं, तर पाना बॉडीला टेकला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही एकाच पातळीवर असतात. ते सुटलं की दुसऱ्या टोकाला परतीची वाटच उरत नाही. म्हणजे खरा नियम 'आधी मायनस' असा नाहीच. 'बॉडीला बांधलेलं टोक आधी' असा आहे. १९६०च्या दशकातल्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस बांधलेला असे. तिथे मामांचा मंत्र शब्दशः पाळला तर बाबांसारखाच डाग पडेल. मग सगळ्या गाड्या मायनसवर का आल्या? अर्धवाहकांमुळे. जुना डायनॅमो उलटसुलट सोसायचा. १९६०च्या सुमारास क्रायस्लरने सिलिकॉन डायोडचा आल्टरनेटर आणला, आणि डायोडला उलटी जोडणी क्षणभरही चालत नाही. सगळ्यांनी एकच बाजू धरणं भाग पडलं.

जंप-स्टार्टचा क्रमही असाच. शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला न लावता लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचा. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि भरताना बॅटरी पाण्याचं विघटन करून हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के हायड्रोजन स्फोटाला पुरतो. मग गंधकाम्ल डोळ्यांत. बाबांच्या काळी दर महिन्याला सहा बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. (ॲसिड कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणी.) म्हणजे हायड्रोजन कुठून येतो हे त्यांना समोर दिसत होतं. पुढे जाळीच्या शिशात अँटिमनीऐवजी कॅल्शियम आलं, पाणी उडणं खूप कमी झालं, बुचं नाहीशी झाली आणि वर 'मेंटेनन्स फ्री' असा शिक्का आला. माझ्या पिढीला तो शिक्का 'गॅस फ्री' असा वाचायची खोड आहे. तसं नाही.

आणि उतरलेली बॅटरी नुसती उतरून राहत नाही. तिच्या पत्र्यांवर शिसे-सल्फेटचे खडे धरतात, दिवसागणिक घट्ट होतात. माझ्या बॅटरीने मीटरवर नऊ व्होल्ट दाखवले होते. जंप देऊन गाडी जागी झाली खरी, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा नवीन आणणं आलं. जुनी दुकानदाराने वजन करून ठेवून घेतली. तिच्यातलं शिसं वितळून पुन्हा कुणाच्या तरी गाडीत जाईल. ती भंगारात मात्र देऊ नये. उघड्यावर वितळवलेल्या शिशाची किंमत आसपासची पोरं मोजतात.

नवी बसवायला मीच वाकलो. त्याआधी भगव्या वायरी कुठून जातात ते पाहून घेतलं. त्या मोठ्या बॅटरीच्या. बारा व्होल्ट भाजतात, त्या मारतात. त्यांना आपण हात लावायचा नाही. बाबा टॉर्च धरून उभे होते.

"अंगठी," ते म्हणाले.

काढून खिशात टाकली. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली. आधी लाल, मग काळा. नट आवळल्यावर टोकांना बोटाने थोडं व्हॅसलीन लावलं. दारांची कुलुपं खटकली, स्क्रीन उजळली आणि तिने विचारलं, नवीन अपडेट आलं आहे, आत्ता इन्स्टॉल करू का?