मुतखडा काढणाऱ्यांचा धंदा

मुतखडा शस्त्राने काढण्याचा धंदा निदान दोन हजार वर्षे चालला. हा धंदा जवळजवळ सगळाच मूत्राशयातल्या खड्यांवर होता. मूत्रपिंडातल्या खड्याला हात घालायला शहाणा माणूस धजत नसे. याचे कारण शरीराच्या रचनेत सापडते. मूत्रपिंडे पोटाच्या मागच्या भिंतीला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. एकेकाचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांतून फिरतो. तिथे सुरी चालवली की रक्त थांबवणे जुन्या काळी कोणाच्याच हातात नव्हते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव मूत्रपिंडांत गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर सोडला तर बाकी सगळा परत रक्तात शोषला जातो. उरलेल्या थोडक्या पाण्यात क्षार दाटतात आणि कधीकधी त्यांचे स्फटिक धरतात. पंचवीस-तीस सेंटीमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून असा कण खाली सरकला तर मूत्राशयात येऊन पडतो. मूत्र मूत्राशयात तुंबून राहत असेल, तर तो तिथे थरावर थर चढवत वाढतो.

मूत्राशय मात्र ओटीपोटात, जघनास्थीच्या मागे असते. पुरुषात त्याच्या मागेच गुदाशय असल्यामुळे गुदद्वारातून बोट घातले तर मूत्राशयातला खडा चाचपता येतो आणि खाली, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाकडे ओढताही येतो. तेथील त्वचा आणि खडा यांच्यात, विशेषतः लहान मुलात, फारसे अंतर उरत नाही. धंदा उभा राहिला तो या एका सोयीवर.

सुश्रुतसंहितेत या शस्त्रक्रियेचे वर्णन तपशीलवार आहे. अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगून आधी तूप, क्षार, काढे वापरून पाहावेत असे ती सांगते. शस्त्र हा शेवटचा उपाय. तोही राजाची परवानगी घेऊनच करायचा, कारण न केले तर रोगी मरणार हे नक्की आणि केले तर वाचेल याची खात्री नाही. गुडघ्याइतक्या उंच फळीवर एक धट्टाकट्टा माणूस बसतो. त्याच्या मांडीवर रोग्याला उताणे निजवून कंबरेखाली कापडाची चुंबळ देतात, गुडघे आणि कोपरे दुमडून बांधून टाकतात. नाभीच्या डाव्या बाजूला तेल चोळून मुठीने दाबत खडा खाली आणायचा. मग वैद्याने नखे कापलेल्या डाव्या हाताची दोन बोटे तेल लावून गुदद्वारात घालायची आणि खडा पुढे सारून गाठीसारखा फुगवायचा. छेद सेवनीच्या, म्हणजे मधल्या शिवणीच्या, डावीकडे जवाएवढे अंतर सोडून आणि खड्याच्या मापाचा घ्यायचा. खडा फुटू द्यायचा नाही, कारण मागे राहिलेला कणही पुन्हा वाढतो. म्हणून तो अग्रवक्र नावाच्या वाकड्या टोकाच्या यंत्राने अख्खा बाहेर काढायचा. नंतर रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवायचे, म्हणजे मूत्राशयात रक्त साचत नाही. शस्त्र लागू नये अशा आठ जागाही संहिता मोजून सांगते. खडा पकडल्याबरोबर रोग्याची नजर थिजली आणि मान टाकली, तर शस्त्र खाली ठेवावे, असा स्पष्ट इशारा आहे. हे लिहिणाऱ्याने मेलेले रोगी पाहिले होते यात शंका नाही.

इतके अचूक हात असलेल्या या ग्रंथाला मूत्र कुठे तयार होते याचा मात्र पत्ता नव्हता. तोंडापर्यंत पाण्यात ठेवलेला नवा घडा जसा बाजूंनी पाझरून भरतो, तसे मूत्राशय भरते, अशी त्याची समजूत होती. मूत्रपिंडांतून मूत्र येते हे दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने जिवंत प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या बांधून दाखवले. पण त्याने खडा काढणाऱ्याच्या कामात काडीचाही फरक पडला नाही. खडा कुठून आला हे न कळताही तो काढता येत होता.

भूमध्य समुद्राकाठी हीच शस्त्रक्रिया चालत असे. हिप्पॉक्रेटिसच्या नावाच्या शपथेत वैद्याने खड्यासाठी सुरी चालवू नये, ते काम त्यातल्या कसबी लोकांवर सोडावे, असे म्हटले आहे. म्हणजे त्या काळीही हा वैद्यकाबाहेरचा, निराळा पेशा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने वर्णन केलेली पद्धत सुश्रुताच्या पद्धतीशी पुष्कळ जुळते: तीच गुदद्वारातली दोन बोटे, तोच खालून घेतलेला छेद. नऊ ते चौदा वर्षांचीच मुले यासाठी घ्यावीत असे तो सांगतो. मोठ्या माणसात बोट पुरत नसे.

ही अडचण सोळाव्या शतकात इटलीत सुटली. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे वीस सेंटीमीटर लांब आणि दोनदा वळलेला असतो. त्या वळणाबरहुकूम वाकवलेली, खोबण असलेली सळई आधी मूत्राशयापर्यंत घालायची आणि खोबणीच्या धारेने सुरी आत न्यायची, ही युक्ती मारियानो सांतो याने १५२२ मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्यानंतर मूत्राशयाचे तोंड अवजारांनी ताणून खडा ओढून काढत. त्यात प्रोस्टेट ग्रंथी आणि मूत्र रोखणारे स्नायू फाटत, आणि वाचलेल्या कित्येकांची लघवी जन्मभर गळत राही. फ्रान्समध्ये कोलो नावाच्या घराण्याने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या गुप्त ठेवून त्यावर राजदरबारी मान मिळवला. बाकीचे गावोगाव फिरत, जत्रेत पाल ठोकत आणि रोगी दगावल्याची बातमी फुटायच्या आत पुढच्या गावी निघून जात.

त्या वेदनेची कल्पना ॲमस्टरडॅमच्या यान द डोट या लोहारावरून येते. दोनदा मरता मरता वाचलेल्या या माणसाने १६५१ मध्ये स्वतः घडवलेल्या सुरीने स्वतःचा खडा काढला. हकिकत नोंदवली ती निकोलास टल्प या तिथल्याच वैद्याने. हातात खडा आणि सुरी घेतलेले लोहाराचे चित्र आजही लायडनमध्ये आहे. लंडनच्या सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराचे नशीब बरे. २६ मार्च १६५८ रोजी त्याचा खडा काढला गेला, आणि पुढे तो दरवर्षी त्या दिवशी मेजवानी करण्याचा प्रघात पाळू लागला.

१६९७ मध्ये पॅरिसला आलेला फ्रेर जाक हा जोग्यासारख्या वेशातला फिरता शस्त्रवैद्य बाजूने तिरका छेद घेऊन मूत्राशय उघडी. कल्पना चांगली होती, पण शरीररचनेचे ज्ञान बेताचे. साठेक रोग्यांपैकी पंचवीस दगावले, आणि मृतांची शवविच्छेदने झाल्यावर त्याने काय काय कापले होते ते उघडकीस आले. याच छेदाला लंडनच्या विल्यम चेसल्डनने शिस्त लावली. तो शरीररचनेचा अध्यापक होता. आधी प्रेतांवर मार्ग पक्का करून मग तो जिवंत माणसाकडे वळला. भूल देण्याची सोय नसताना तो मिनिटभरात खडा बाहेर काढी. त्याच्या २१३ रोग्यांपैकी २० मरण पावले. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता, आणि त्याचे खरे मोठेपण घड्याळात नसून त्याने मेलेलेही मोजले यात आहे.

सुरीची भीती इतकी होती की औषधाच्या नावाखाली काहीही खपत असे. जोआना स्टीफन्स या बाईला तिची गुप्त कृती जाहीर करण्यासाठी ब्रिटिश संसदेने पाच हजार पौंड दिले. १७३९ मध्ये ती छापली गेली तेव्हा कळले की त्यात अंड्यांची टरफले, गोगलगायी आणि साबण होता. त्यापेक्षा आपल्याकडचे कुळथाचे कढण बरे. निदान त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जाते.

खडा अख्खाच काढला पाहिजे, हा सुश्रुताचा नियम मोडायचा तर आधी तो आत फोडणे, झिजवणे जमायला हवे होते. ते पहिल्यांदा करून दाखवले लखनौमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच माणसाने, तेही स्वतःवर. अवधच्या नवाबाच्या पदरी असलेल्या क्लॉड मार्टिनने १७८२ मध्ये विणकामाच्या सुईची बारीक कानस बनवली, तिला मूठ बसवली आणि नळीतून मूत्राशयात सारून काही महिने आपला खडा घासून घासून झिजवला. तो त्यानंतर अठरा वर्षे जगला, आणि त्याच्या संपत्तीतून निघालेल्या ला मार्टिनियर शाळा आजही चालू आहेत.

कारागिराच्या जिद्दीचे पद्धतीत रूपांतर पॅरिसमध्ये झाले. १३ जानेवारी १८२४ रोजी झाँ सिव्हिआल याने एका रोग्याच्या मूत्रमार्गातून तीन नख्यांचे यंत्र आत घातले, खडा पकडला आणि तिथेच भोके पाडून फोडला. त्वचेला कुठेही सुरी लागली नाही. मग त्याने युरोपभरचे आकडे गोळा केले. खालून कापलेल्यांपैकी पाचातला जवळजवळ एक मरत होता, तर त्याच्या पद्धतीने शंभरात दोन-तीन. १८३५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने, ज्यात पुआसाँसारखा गणिती होता, या आकड्यांवर खल केला. शस्त्रक्रियेची निवड आकडे मोजून करावी का, हा वाद वैद्यकात पहिल्यांदा गंभीरपणे मांडला गेला तो मुतखड्यामुळे. सिव्हिआलच्या यंत्रापेक्षा त्याचा हा हिशेब जास्त टिकला.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि घाईची गरज संपली. १८७८ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलो याने एकाच बैठकीत खडा चुरून सगळा चुरा पाण्याने शोषून घेण्याची पद्धत रूढ केली. ती लहान मुलांवर चालणार नाही, त्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद, असे बहुतेक शस्त्रवैद्य धरून चालले होते. हा समज खोडून काढला इंदूरच्या रेसिडेन्सीतले शस्त्रवैद्य डी. एफ. कीगन यांनी. १८८० च्या दशकात त्यांनी बारीक अवजारे वापरून मुलांमधले खडे याच रीतीने काढले. उत्तर हिंदुस्थानात पीटर फ्रेयर याच कामात नावारूपाला आले. मुतखड्याचे इतके रोगी लंडनच्या डॉक्टरला बघायलाही मिळत नसत, आणि त्यामुळे या शास्त्राचा हात काही काळ इथे तयार झाला.

त्यानंतर रोगच बदलला. मुलांच्या मूत्राशयात खडा होत असे तो मुख्यतः नुसत्या धान्यावर, दूध-मांसाशिवाय वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत. आहार सुधारला तसा तो युरोपातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि आपल्या शहरांतून नंतर नाहीसा होत गेला. त्याची जागा मोठ्या माणसाच्या मूत्रपिंडातल्या खड्याने घेतली, म्हणजे ज्याला जुने लोक हात लावत नव्हते त्याने. हायडेलबर्गच्या गुस्ताव झिमोन याने १८६९ मध्ये ठरवून एक मूत्रपिंड काढले आणि रोगी जगला, तेव्हापासून ही वाट उघडली. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीतून छोट्या भोकावाटे खडा काढला गेला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी यांनी डोर्निअर या विमान कंपनीच्या यंत्राने शरीराबाहेरून आघातलहरी सोडून पहिल्यांदा एका रोग्याचा मूत्रपिंडातला खडा फोडला. लहरींनी चुरा झालेला खडा आता पुन्हा मूत्रवाहिनी आणि मूत्रमार्गाच्या नेहमीच्या वाटेनेच बाहेर पडतो. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात.