चक्कर दवाखान्यात येत नाही, मग मोजायची कुठे?

पीएचडीचा विषय ठरवताना आपण विचारतो, "काय मोजायचं?" पण "कधी आणि कुठे मोजायचं?" हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा असतो. कानाच्या आजारामुळे येणाऱ्या चकरेच्या निदानाचा इतिहास त्यासाठी वाचण्यासारखा आहे.

८ जानेवारी १८६१ रोजी प्रॉस्पेर मेन्येर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत एक निबंध वाचला. अचानक सगळं गरगरतं, उलट्या होतात, कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं. त्या काळी असे झटके मेंदूत रक्त साचल्यामुळे येतात असं मानत आणि रुग्णाचं रक्त काढत. मेन्येर म्हणाले, दोष आतल्या कानात आहे. पण त्यांचा आधार मुख्यतः रुग्णांनी सांगितलेल्या लक्षणांचाच होता.

मोजता येईल अशी खूण डोळ्यांत सापडली. आतला कान बिघडला की डोळे एका बाजूला हळू सरकतात आणि झटक्यात परत येतात. याला निस्टॅगमस म्हणतात. कानात थंड पाणी सोडलं तर ही हालचाल एका दिशेने होते, गरम सोडलं तर उलट दिशेने, हे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानींनी दाखवून दिलं. १९१४चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. पुढे फ्रेन्झेल यांचा जाड भिंगांचा चष्मा आला. तो घातला की रुग्णाला नजर कशावर रोखता येत नाही आणि डॉक्टरांना त्याचे डोळे मोठे दिसतात.

आता अडचण बघा. बारानींची चक्कर दवाखान्यात मुद्दाम आणलेली होती. रुग्णाची खरी चक्कर मात्र घरी, बसमध्ये, रात्री दोन वाजता येते. मेन्येर रोगाचा झटका साधारण २० मिनिटं ते १२ तास टिकतो आणि ओसरतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत डोळे शांत झालेले असतात. मग "टेन्शन असेल" असं ऐकून माणूस घरी परततो.

हृदयाच्या बाबतीत हाच पेच नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात सोडवायला घेतला. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि वजन सुमारे ३८ किलो! डोळ्यांसाठी तीच युक्ती चालते, कारण डोळा छोट्या बॅटरीसारखा असतो. पुढची बाजू धन, मागची ऋण. डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड चिकटवले की हालचाल नोंदवता येते. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या संशोधकांनी या तत्त्वावर 'काव्हा' नावाचं उपकरण बनवलं. ते चेहऱ्यावर लावून ३० दिवसांपर्यंत वावरता येतं.

पण सुरुवातीची चाचणी कोणावर झाली? निरोगी स्वयंसेवकांवर, मुद्दाम निस्टॅगमस घडवून. म्हणजे बारानींसारखंच पुन्हा मुद्दाम घडवलेलं! यात गैर काही नाही. उपकरण नीट नोंदवतं का, हे आधी पाहावंच लागतं. फक्त ते सिद्ध झालं म्हणजे रुग्णाचं निदान होतं हे सिद्ध झालं, असं समजू नका.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही दोन ओळी लिहून बघा: घटना कुठे घडते, आणि मी ती कुठे मोजणार आहे. दोन्हींत अंतर असेल, तर बऱ्याचदा संशोधनाचा खरा प्रश्न तिथेच असतो.