नैर्ऋत्य अमेरिकेतील वाळवंटी छायाचित्रण

नैर्ऋत्य अमेरिकेतील वाळवंटी छायाचित्रण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना व न्यू मेक्सिको ही राज्ये आणि युटा, नेव्हाडा, कॅलिफोर्निया व टेक्सास या राज्यांचे लगतचे शुष्क भाग येथील भूदृश्यांचे व दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण होय. १८६०च्या दशकातील सरकारी सर्वेक्षणांपासून ही परंपरा अखंड चालू आहे. तिच्यात दोन प्रवाह दिसतात. एका प्रवाहात वाळवंट भव्य आणि निर्मनुष्य दिसते, तर दुसऱ्यात मातीची घरे, शेते, पेट्रोल पंप, मोटेल आणि नव्या वसाहती दिसतात. चौकटीत काय घ्यायचे, काय वगळायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा या परंपरेतील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

प्रदेश आणि प्रकाश

या प्रदेशात सोनोरा, मोहावी व चिवावा ही वाळवंटे आणि कोलोरॅडो पठार यांचा समावेश होतो. पठारावरील तांबूस वालुकाश्म, सपाट माथ्याचे मेसा आणि पाण्याने कोरलेल्या अरुंद घळी ही छायाचित्रकारांची आवडती दृश्ये आहेत. हवा कोरडी असल्याने दूरचे डोंगरही रेखीव दिसतात. मात्र मध्यान्हीच्या उन्हात उजेड आणि सावली यांतील फरक इतका तीव्र होतो की दोन्हींतील तपशील एकाच चित्रात टिपणे कठीण जाते. त्यामुळे सूर्योदय व सूर्यास्ताच्या आसपासच्या वेळेला प्राधान्य दिले जाते. अरुंद घळींमध्ये याउलट मध्यान्हीचे ऊन उपयोगी पडते. ते वरच्या खडकांवरून परावर्तित होत तळाशी पोहोचते आणि भिंती नारिंगी व जांभळ्या छटांत उजळतात. जुलै ते सप्टेंबर या काळातील पावसालाही येथे मान्सून असेच म्हणतात. त्या दिवसांतील ढग आणि विजा यांमुळे एरवी निरभ्र असणारे आकाश चित्राचा विषय बनते. याच काळात घळींमध्ये अचानक पूर येण्याचा धोका असतो.

सर्वेक्षणांचा काळ

आरंभीचे छायाचित्रकार ओल्या कलोडियनची पद्धत वापरत. काचेच्या पट्टीवर रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावेही लागे. त्यामुळे फिरती अंधारखोली, काचा, रसायने आणि पाणी सोबत न्यावे लागे. हे रसायन निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ असंवेदनशील असल्याने त्या काळच्या चित्रांत आकाश पांढरे व तांबडे खडक गडद दिसतात.

टिमोथी ओ'सुलिव्हन यांनी १८६७ मध्ये नेव्हाडातील कार्सन वाळवंटातील वाळूच्या टेकड्यांचे चित्र घेतले. त्यात त्यांची खेचरे जुंपलेली गाडी आणि वाळूत उमटलेली पावले दिसतात. पुढे लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांच्या सर्वेक्षणात काम करताना १८७३ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील कॅन्यन डी शे येथील 'व्हाइट हाउस' या अवशेषांचे चित्र घेतले. प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली ही वास्तू उभ्या कड्याच्या खोबणीत आहे. त्याच वर्षी त्यांनी मागावर विणकाम करणाऱ्या नावाहो कुटुंबाचेही चित्र घेतले. नावाहोंना १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या भूमीतून हुसकावले होते व १८६८च्या तहानंतर ते परतले होते. त्यामुळे हे चित्र पुन्हा वसू लागलेल्या समाजाची नोंद ठरते.

जॉन हिलर्स हे १८७१ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांच्या कोलोरॅडो नदीवरील मोहिमेत नावाडी म्हणून दाखल झाले आणि तेथेच छायाचित्रण शिकले. पुढे कोल्ब बंधूंनी ग्रँड कॅन्यनच्या काठावर स्टुडिओ उभारून खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या पर्यटकांची चित्रे विकण्याचा व्यवसाय केला.

मूळ रहिवासी आणि संमती

एडवर्ड कर्टिस यांच्या १९०४ मधील एका प्रसिद्ध चित्रात नावाहो घोडेस्वार अंधारात नाहीसे होताना दिसतात. 'लोप पावणारा वंश' या अर्थाचे शीर्षक त्यांनी त्याला दिले. हे भाकीत खरे ठरले नाही. आज नावाहो राष्ट्राचे तीन लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्य आहेत. कर्टिस यांच्या कामामुळे मोठा दृश्यसंग्रह निर्माण झाला. परंतु त्यांनी आधुनिक जीवनाच्या खुणा टाळल्या, अशी टीका त्यांच्यावर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होपींच्या सर्पनृत्याचे चित्र घेण्यासाठी बाहेरच्या छायाचित्रकारांची गर्दी होऊ लागली. धार्मिक विधींमध्ये येणाऱ्या व्यत्ययामुळे पुढे होपींनी त्यावर बंदी घातली. आजही होपी गावांत छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि रेखाटन यांना मनाई आहे. अनेक प्वेब्लो गावांत उत्सवांची चित्रे घेता येत नाहीत आणि व्यक्तीचे चित्र घेण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी लागते.

लगूना प्वेब्लो येथील ली मार्मन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःच्या गावातील वृद्धांची चित्रे घेण्यास आरंभ केला. पारंपरिक वेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट असलेल्या वृद्धाचे त्यांचे १९५४ मधील चित्र विशेष प्रसिद्ध आहे. कर्टिस ज्या खुणा टाळत, त्याच येथे चित्राचा विषय झाल्या. नावाहो छायाचित्रकार विल विल्सन यांनी २०१२ पासूनच्या एका प्रकल्पात ओल्या कलोडियनचीच पद्धत वापरली. मात्र मूळ पट्टी ते चित्रातील व्यक्तीला देतात व स्वतःकडे तिची डिजिटल प्रत ठेवतात.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि समकालीन

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी लेखिका मेरी ऑस्टिन यांच्यासह १९३० मध्ये ताओस प्वेब्लोविषयी मर्यादित प्रतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी गावच्या प्रमुखांची परवानगी घेतली होती. १ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे चित्र घेतले. सूर्य मावळत होता आणि प्रकाशमापक सापडत नव्हता; तेव्हा चंद्राच्या ज्ञात तेजावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच स्मशानभूमीतील क्रूसांवरचे ऊन गेले. चित्राची तारीख नंतर खगोलशास्त्रीय गणिताने निश्चित करण्यात आली. पुढील दशकांत अ‍ॅडम्स यांनी त्याच्या प्रती छापताना आकाश अधिकाधिक काळे केले.

रँचोस दे ताओस येथील मातीच्या चर्चची मागील बाजू अ‍ॅडम्स आणि पॉल स्ट्रँड या दोघांनीही टिपली. चित्रांत ती एखाद्या शिल्पासारखी स्थिर भासते. प्रत्यक्षात तिचा आकार गावकऱ्यांनी नियमितपणे केलेल्या मातीच्या लिंपणामुळे टिकतो. विसाव्या शतकात भिंतींवर सिमेंटचा गिलावा देण्यात आला होता. आत ओल साचून नुकसान झाल्यावर तो काढून पुन्हा मातीचे लिंपण सुरू झाले.

दैनंदिन दृश्ये

रसेल ली यांनी १९४० मध्ये सरकारी प्रकल्पासाठी न्यू मेक्सिकोतील पाय टाउन येथील शेतकऱ्यांची घरे, जेवणावळी आणि मेळावे टिपले. एड रुशे यांच्या १९६३ मधील पुस्तकात लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा सिटी या वाटेवरील २६ पेट्रोल पंपांची चित्रे आहेत. १९७५ मध्ये रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये भरलेल्या 'न्यू टोपोग्राफिक्स' या प्रदर्शनात दहा छायाचित्रकारांनी मानवाने बदललेली भूमी दाखवली. त्यांतील ज्यो डील यांनी अल्बुकर्कीतील नवी घरे उंचावरून, क्षितिज वगळून टिपली, तर जॉन शॉट यांनी रूट ६६ वरील मोटेलांची चित्रे घेतली. ही चित्रे निर्विकार असल्याचा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आज ते प्रदर्शन भूदृश्य छायाचित्रणातील महत्त्वाचे वळण मानले जाते.

बदलांची नोंद

एलियट पोर्टर यांनी ग्लेन कॅन्यनच्या घळींची रंगीत चित्रे घेतली. ती १९६३ मध्ये सिएरा क्लबने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी धरणात पाणी साठू लागले आणि चित्रांतील बहुतेक जागा बुडाल्या. एकविसाव्या शतकातील दीर्घ अवर्षणात पातळी घटल्याने त्यांपैकी काही पुन्हा उघड्या पडल्या आहेत.

१९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट व सहकाऱ्यांनी सर्वेक्षणकाळातील चित्रे जेथून घेतली त्या नेमक्या जागा शोधून पुन्हा चित्रे घेतली. खडकांच्या कडा आणि सावल्यांची दिशा यांवरून जागा व वेळ निश्चित केली जाई. ओ'सुलिव्हन यांनी युटातील एका चित्रात कॅमेरा तिरपा धरून उतार अधिक नाट्यमय केल्याचे त्यातून दिसून आले. सरकारी नोंद म्हणून घेतलेल्या चित्रांतही छायाचित्रकाराची निवड असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. रिचर्ड मिझरॅक यांनी १९७९ पासूनच्या आपल्या मालिकेत वाळवंटातील पूर, आगी आणि नेव्हाडातील बॉम्बफेकीच्या सरावाची मैदाने चित्रित केली.

संग्रह

टूसॉन येथील ॲरिझोना विद्यापीठात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी या संस्थेत अ‍ॅडम्स यांच्यासह अनेक छायाचित्रकारांचे संग्रह आहेत. ओ'सुलिव्हन आणि ली यांची अनेक चित्रे वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत.