तेरा तासांची रात्र

मैफलींच्या जुन्या निमंत्रणपत्रिका जमवण्याचा मला नाद आहे. रद्दीवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून त्या येत गेल्या. त्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. आरंभाची वेळ बहुतेकींवर छापलेली असते, समाप्तीची क्वचितच. मैफल किती वाजता संपेल हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसायचे. महाराष्ट्रातल्या हिवाळ्याचा एक मोठा आनंद या मोकळ्या जागेत दडलेला आहे.

कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. सप्टेंबर 1952मध्ये ते पुण्यात निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ आर्य संगीत प्रसारक मंडळाचा महोत्सव 1953पासून सुरू झाला आणि भीमसेन जोशी यांनी तो पुढे हयातभर सांभाळला. पुण्यतिथी सप्टेंबरातली असली, तरी पुणेकरांच्या लेखी ‘सवाई’ म्हणजे डिसेंबर. उघड्या मैदानावर हजारो माणसांनी रात्र काढायची, तर पावसाळा उपयोगाचा नाही.

थंडीचे आणखी एक देणे आहे. डिसेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र जवळजवळ तेरा तासांची. जूनमध्ये ती पावणेअकरा तासांच्या आसपास उरते. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर नेमून दिलेले आहेत. सायंकाळी पूरिया, मारवा. उत्तररात्री दरबारी, मालकंस. पहाटे ललत, उजाडताना भैरव आणि पुढे तोडी. ही सारी वाट एका बैठकीत चालायची, तर लांब रात्रच हवी.

शाळकरी वयात वडिलांबरोबर मी पहिल्यांदा गेलो. घोंगडी, कानटोपी, थर्मासमधला चहा आणि डब्यात गुळपोळी. मध्यरात्रीनंतर मी तिथेच आडवा झालो. जाग आली तेव्हा कुणीतरी माझ्यावर शाल पांघरली होती. ती आमची नव्हती. मंचावर तानपुरे जुळत होते आणि वडील डोळे मिटून बसले होते. घरी सतत हिशेबात असणारा हा माणूस इतका स्वस्थ मी तोवर पाहिला नव्हता. थंडीने माणसे जवळ सरकतात आणि गप्पही होतात, हे तेव्हा कळले नाही, आता कळते.

2000मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन पडले. पुढे वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळाली, पण रात्र काही परत आली नाही. बैठका दुपारीच सुरू होऊ लागल्या. नियम चुकीचा म्हणवत नाही. मैदानाशेजारच्या घरातही आजारी माणूस असतो, सकाळी कामावर जाणारा असतो. गेले ते मात्र नोंदवायला हवे. मालकंस सभागृहात सायंकाळीही गाता येतो, पण रात्रभर जागून, गारठ्याने आखडलेल्या बोटांनी टाळी देत पहाटेच्या ललतापर्यंत पोहोचणे हा वेगळाच अनुभव होता. तो रागात जेवढा होता, तेवढाच वाट पाहण्यात होता.

2011च्या जानेवारीत भीमसेनजी गेले. महोत्सवाच्या नावात आता त्यांचेही नाव आहे. अखेरीस सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा आहे. ज्यांच्यासाठी सारे जमतात, त्यांचाच आवाज शेवटी येतो आणि माणसे उभी राहून ऐकतात.

वडील गेले त्या हिवाळ्यात मी घराच्या गच्चीवर घोंगडी घेऊन बसलो. एक जुनी ध्वनिफीत हळू आवाजात लावली आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून कानाशी धरली. पहाट व्हायला खूप वेळ लागला. तेरा तासांची रात्र अजून तेवढीच आहे, एवढे त्या दिवशी पुन्हा पटले.